हिजामा : इलाजही पारखून घ्या

कापडाच्या धंद्यात गादीवर बसून मान आखडते आणि तागे उचलून कंबर धरते. अशा वेळी कुणीतरी हिजामाचा सल्ला देतोच. हिजामा सुन्नत आहे, त्याची आम्हांला कदर आहे. परंतु आज तो जागोजागी पैसे मोजून घ्यावा लागतो. तेव्हा घेणाऱ्याने काय पाहावे, हे समजून घेतले पाहिजे.

मराठीत यालाच तुंबडी लावणे म्हणतात. पूर्वी भोपळ्याची तुंबडी किंवा जनावराचे शिंग वापरीत. आता काचेचा वा प्लास्टिकचा कप असतो. आतील हवा ज्योतीने किंवा पंपाने कमी केली की कातडी वर ओढली जाते व त्या जागी रक्ताचा ओघ वाढतो. बारीक रक्तवाहिन्या फुटून जांभळा डाग पडतो, तो आठ-पंधरा दिवसांत जातो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर असेच डाग दिसले होते. हा कोरडा प्रकार. दुसऱ्या प्रकारात हलके चरे देऊन थोडे रक्त काढतात.

मान व कंबरदुखीत याने काही दिवस आराम पडतो, असे काही लहान अभ्यासांत आढळले आहे. मात्र ‘शरीरातील सारे विष निघते’ या जाहिरातीला पुरावा नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात.

आमच्या ओळखीच्या एका हमालाला मधुमेह होता. चरे देणाऱ्याने विचारलेच नाही. जखम चिघळली आणि महिनाभराची मजुरी बुडाली. हातावर पोट असणाऱ्याला हा तोटा कसा परवडावा?

म्हणून नोंदणीकृत युनानी डॉक्टरकडेच जावे. ब्लेड आपल्यासमोर नवे उघडलेले असावे, कप दुसऱ्याला लावलेला नसावा. नाहीतर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, रक्त कमी असलेले, गरोदर स्त्रिया यांनी चरे देऊन घेऊ नयेत. मधुमेह असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत कळ येऊन डावा हात दुखत असेल, किंवा पाय बधिर होत असेल, तर हिजामात वेळ न दवडता इस्पितळ गाठावे.

एक तागा घेताना आपण पोत, पन्हा, रंग सारे तपासतो. मग स्वतःच्या पाठीवर ब्लेड चालवू देताना दोन प्रश्न विचारायला संकोच कशाला?