हगामा : नाव गर्दीचे, खेळ कुस्तीचा

दौंड-शिरूर भागात चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात. रात्री छबिना आणि तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा हगामा. कोल्हापूरकडे यालाच मैदान म्हणतात, हिंदीत दंगल. मग हगामा हा शब्द आला कोठून?

मूळ शब्द फारसी, हंगामा. अर्थ जमलेली गर्दी आणि तिच्याबरोबर येणारा गलबला. तो हंगाम, म्हणजे वेळ, या शब्दापासून झाला. उसाचा गळीत हंगाम आणि हंगामी नोकर ही त्याचीच भावंडे. हिंदीत हंगामा म्हणजे नुसता गोंधळ उरला. आपल्याकडे अनुस्वार गळाला आणि कुस्तीचा फड उभा राहिला. दंगलीचे नेमके उलटे झाले. हिंदीत ती कुस्ती, मराठीत दगडफेक! २०१६ साली त्या नावाचा चित्रपट आला, तेव्हा कुठे आपल्या मुलांना तिचा दुसरा अर्थ कळला.

इंग्रजीची तऱ्हा वेगळी. पैशासाठी होणाऱ्या मुष्टियुद्धाला तिथे प्राइझफाइट म्हणतात. प्राइझ म्हणजे इनाम. सतराव्या शतकात लंडनमध्ये तलवारीच्या लढतीही प्राइझ म्हणून ओळखल्या जात. सॅम्युअल पेप्सने १६६३च्या रोजनिशीत अशी एक लढत नोंदवली आहे. पुढे हा शब्द ठोशांच्या लढतीला चिकटला. १८८९मध्ये अमेरिकेत जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या लढले. बिनहातमोज्यांची ती शेवटची मोठी अजिंक्यपदाची लढत.

म्हणजे इंग्रजांनी खेळाला इनामाचे नाव दिले, आपण जमलेल्या माणसांचे. इनाम आपल्याकडेही असतेच. हलगी कडाडते, लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग रुपयांचे आकडे चढत जातात. निकाली कुस्तीला पूर्ण इनाम. बरोबरीत सुटली तर ते विभागून. पण हे इनाम येते गावाच्या वर्गणीतून, कडेला बसलेल्यांच्याच खिशातून. दूध, तूप, बदाम असा पैलवानाचा खुराक गरिबाच्या घरातून निघत नाही, यात्रांतल्या इनामांचा त्याला मोठा आधार असतो. माणसे जमली नाहीत तर वर्गणी नाही, वर्गणी नाही तर इनाम नाही, आणि तालमीतल्या पोराचा खुराक बंद. पैलवान कितीही बलदंड असो, त्याला पोसते ती कडेची गर्दी. हगामा हे नाव तिचेच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)