हायड्रोसचं पिंप काय सांगतं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूर जिल्ह्यात एक पांढरी पावडर दोन अगदी वेगळ्या कामांना लागते. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये व्हॅट रंग पाण्यात विरघळावेत आणि सुताच्या आत शिरावेत म्हणून ती वापरतात. हंगामात कित्येक गुऱ्हाळांवर गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून तीच पावडर उकळत्या काहिलीत पडते. तिचं रासायनिक नाव सोडियम हायड्रोसल्फाइट, पाठ्यपुस्तकांत सोडियम डायथायोनाइट. बाजारात मात्र सगळे तिला हायड्रोस किंवा नुसतं हायड्रो म्हणतात.

हायड्रोसच्या मूळ पिंपावर लाल चौकटीत ज्वालेचं आणि उद्गारचिन्हाचं चित्र असतं, ‘डेंजर’ हा शब्द असतो, काही आकडे असतात. रसायनांचे धोके ओळखण्याची आणि लिहिण्याची ही पद्धत संयुक्त राष्ट्रांनी आखली आणि २००३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केली. तिला थोडक्यात जीएचएस म्हणतात. पदार्थ विषारी आहे की नाही, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर त्या खुणा देत नाहीत. तो कोणत्या वाटेनं इजा करतो, किती तीव्रतेनं आणि कोणत्या परिस्थितीत, हे त्या सांगतात. वाट चुकीची ओळखली तर उपायही चुकीचा होतो, आणि हायड्रोसच्या बाबतीत चुकीचा उपाय जिवावर बेतू शकतो. म्हणून त्याबद्दलचे नेहमीचे समज एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १: गुळात घालतात, म्हणजे ही पावडर निरुपद्रवीच असणार.

वस्तुस्थिती: इथं दोन वेगळे प्रश्न एकत्र केले जातात. पहिला प्रश्न खाणाऱ्याचा. तयार गुळात गंधकाचा अंश किती उरला? त्यावर अन्नसुरक्षेच्या नियमांची मर्यादा असते, आणि तिला कारण आहे. सल्फाइट या गंधकाच्या संयुगांमुळे दम्याच्या काही रुग्णांना धाप लागू शकते. दुसरा प्रश्न हाताळणाऱ्याचा. पिशवीतली कोरडी पावडर त्याचं काय करू शकते? युरोपीय संघाच्या अधिकृत वर्गीकरणात हायड्रोसवर तीन शेरे आहेत: आपोआप तापून पेटू शकतो, गिळल्यास अपायकारक, आणि आम्लाशी गाठ पडली तर विषारी वायू सोडतो. डोळ्यांची आग होते, हेही बहुतेक उत्पादक आपल्या माहितीपत्रकात लिहितात. यातला एकही धोका पावडर गुळात वापरली जाते म्हणून कमी होत नाही. गुऱ्हाळावर तर शेजारी चुलवाण धगधगत असतं, काहिलीची वाफ अंगावर येत असते आणि ओले हात पिशवीत जात असतात.

पिवळा रंग म्हणजे शुद्ध गूळ, हा ग्राहकाचा समजही या पावडरीला काहिलीपर्यंत आणतो. रस निवळायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गडद गूळ पाहून नाक मुरडणं आपण सोडलं, तर गुळव्याच्या हातातली ही पावडर नक्की कमी होईल.

गैरसमज २: लेबलवर १ असेल तर धोका कमी, ४ असेल तर जास्त.

वस्तुस्थिती: जीएचएसमध्ये क्रम याच्या उलट आहे. तिथं १ म्हणजे सर्वांत तीव्र. तोंडावाटे होणाऱ्या विषबाधेचं उदाहरण घ्या. प्राण्यांवरच्या चाचणीत शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत निम्मे प्राणी दगावले, तर पदार्थ पहिल्या श्रेणीत जातो. ३०० ते २००० मिलिग्रॅम लागले, तर चौथ्या श्रेणीत. गिळण्याच्या बाबतीत हायड्रोस चौथ्या श्रेणीत आहे. आपोआप तापण्याच्या बाबतीत मात्र तो थेट पहिल्या श्रेणीत बसतो. म्हणजे या पिंपाची मुख्य भीती विषाची नाही, आगीची आहे.

गोंधळ वाढतो तो आणखी दोन आकड्यांमुळे. वाहतुकीच्या पाटीवर हायड्रोससाठी यूएन १३८४ आणि ४.२ असं लिहिलेलं असतं. हा ४.२ तीव्रता दाखवत नाही, प्रकार दाखवतो: आपोआप पेट घेणारे पदार्थ. त्या पाटीचा वरचा अर्धा भाग पांढरा आणि खालचा लाल असतो. काही पिंपांवर निळ्या, लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांचा अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचा चौकोनही असतो. त्यात ० म्हणजे धोका नाही आणि ४ म्हणजे सर्वांत तीव्र. एकाच पिंपावर तीन पद्धतींचे आकडे असू शकतात. कोणता आकडा कोणत्या पद्धतीचा, हे आधी विचारलं पाहिजे.

गैरसमज ३: आग लागायला ठिणगी लागते. बंद गोदामात कशी लागेल?

वस्तुस्थिती: हायड्रोसला ठिणगी लागत नाही. थोडा ओलावा आणि हवा मिळाली की तो हळूहळू ऑक्सिजनशी संयोग पावतो, आणि त्या क्रियेतून उष्णता निघते. ढीग मोठा असेल तर ती बाहेर पडत नाही, आत साठत जाते. ओलसर कडब्याची गंजी आतून तापून पेटते, तसंच इथं घडतं. तापमान चढलं की विघटनाचा वेग वाढतो. हवेत सुमारे ९० अंश सेल्सिअसच्या वर हायड्रोसचं विघटन होऊन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडू लागतो. १५० अंशांच्या वर तर हवा नसली तरी तो झपाट्यानं विघटित होतो.

म्हणून अर्धवट झाकलेलं पिंप, ओल्या मापानं काढलेली पावडर आणि सांडलेली पावडर झाडून पुन्हा पिंपात टाकणं या तिन्ही सवयी धोक्याच्या आहेत. पावडर कोरड्या भांड्यानं काढावी, झाकण लगेच घट्ट लावावं, सांडलेला माल मूळ पिंपात कधीच परत टाकू नये. पिंप हाताला कोमट लागलं किंवा जळक्या गंधकाचा वास आला, तर ती धोक्याची पहिली खूण समजावी आणि लोकांना तिथून बाहेर काढावं.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचा पूर किती आत शिरतो, हे आपण पाहिलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पाणी लागलं की तापणारा पदार्थ नदीकाठच्या गोदामात जमिनीवर ठेवणं म्हणजे पुरासोबत आगीलाही बोलावणं. पावसाळ्यापूर्वी असा साठा कमी करावा आणि उरलेला उंचावर हलवावा.

गैरसमज ४: पेट घेतलाच तर बादलीभर पाणी मारू, नाहीतर वाळू टाकून विझवू.

वस्तुस्थिती: या दोन्ही उपायांनी ही आग विझत नाही. थोडं पाणी पडलं की विघटन उलट भडकतं. वाळू टाकून गुदमरवणंही उपयोगाचं नाही, कारण या पदार्थाला जळत राहायला बाहेरची हवा लागत नाही. पाण्याशी धोकादायक वागणाऱ्या बऱ्याच पदार्थांवर कोरडी वाळू किंवा कोरडी पावडर टाकायला सांगतात. पण उत्तर अमेरिकेतल्या अग्निशमन दलांच्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत हायड्रोस हा अपवाद म्हणून नोंदवला आहे. त्यावर पाण्याचा प्रचंड मारा करायचा, इतका की सगळी उष्णता शोषली जाईल आणि क्रिया थांबेल.

हे काम बादलीनं होत नाही. त्यासाठी अग्निशमन दलाचा जोरदार फवारा लागतो, तोही सुरक्षित अंतरावरून. कामगारानं करायचं ते एवढंच: वाऱ्याच्या उलट दिशेला बाहेर पडायचं, इतरांना बाहेर काढायचं, आणि फोनवर ‘हायड्रोस, यूएन १३८४’ असं स्पष्ट सांगायचं. त्या चार आकड्यांवरून येणाऱ्या दलाला तयारी करता येते.

गैरसमज ५: सरकारच्या धोकादायक यादीत नाही, म्हणजे सुरक्षित.

वस्तुस्थिती: २१ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लोडाय गावी नॅप टेक्नॉलॉजीज या कारखान्यात हायड्रोस आणि ॲल्युमिनियमची पावडर एकत्र मिसळली जात होती. मिश्रणयंत्रात पाणी शिरलं आणि आतला माल तापू लागला. तो बाहेर काढण्यासाठी माणसं आत गेली, आणि स्फोट झाला. पाच कामगारांचा जीव गेला. हे मिश्रण अमेरिकेच्या प्रक्रियासुरक्षेच्या नियमात येत नव्हतं, कारण तो नियम ठरावीक पदार्थांच्या यादीवर उभा होता. यादीत सुटे पदार्थ असतात. दोन पदार्थ आणि पाणी एकत्र आल्यावर काय होईल, हे यादीवरून कळत नाही.

म्हणूनच साठवण्याच्या जागेत शेजारी काय ठेवलं आहे, याला फार महत्त्व आहे. प्रोसेस हाऊसमध्ये आम्लं असतात, हायड्रोजन पेरॉक्साइड असतो, ब्लीचिंगची रसायनं असतात. आम्लाशी गाठ पडली तर हायड्रोसमधून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि तो घसा, डोळे, फुप्फुसं यांवर हल्ला करतो. पेरॉक्साइड आणि ब्लीच ऑक्सिजन पुरवणारे असल्यानं उष्णतेची क्रिया आणखी जोर धरते. या तिघांना हायड्रोससोबत एका खोलीत ठेवू नये.

गैरसमज ६: त्रास होणार असेल तर लगेच जाणवेल.

वस्तुस्थिती: हायड्रोसपुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण इथला अनुभव दुसऱ्या पदार्थाला लावला तर फसगत होते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर काम करणाऱ्याला वाळूच्या बारीक धुळीनं त्या दिवशी काहीच होत नाही. तिच्यातला स्फटिकी सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात साचतो आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली श्वासावाटे जाणाऱ्या अशा सिलिकाला पहिल्या गटात घातलं. इथलाही १ नीट समजून घ्यायला हवा. तो कर्करोग होतो याचा पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, किती धुळीनं होतो हे सांगत नाही. जीएचएसमध्ये अशा हळू इजेसाठी वेगळं चित्र आहे: माणसाच्या छातीवर फुटलेली चांदणी. ते चित्र दिसलं तर आज काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

गैरसमज ७: सुरक्षा माहितीपत्रक तपासणी अधिकाऱ्याला दाखवायचं असतं.

वस्तुस्थिती: ते कामगारासाठीच असतं. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि आपण हाताळतो त्या पदार्थाचे धोके जाणून घेण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात आला. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी माहितीपत्रक आणि पिंपावरची खूण बंधनकारक केली. जीएचएसच्या माहितीपत्रकात १६ भाग असतात. सगळे पाठ करायची गरज नाही. दुसरा भाग धोका सांगतो, चौथा प्रथमोपचार, पाचवा आग, सातवा साठवण, आठवा हातमोजे आणि चष्मा, दहावा कशाशी जुळत नाही ते. हायड्रोससाठी या सहा भागांचा मराठी सारांश एका पानात बसतो. प्रथमोपचार तर दोन ओळींचा आहे: अंगावर पडलेली कोरडी पावडर आधी झटकून मग भरपूर पाण्यानं धुवावी, डोळ्यात गेली तर किमान पंधरा मिनिटं डोळे धुवून दवाखाना गाठावा.

मोठ्या कारखान्यात हे पान निदान मागता येतं. गुऱ्हाळावर पावडर पिंपातून सुटी होऊन साध्या पिशवीत येते आणि तिचं लेबल दुकानातच राहतं. तिथं सुरक्षा अधिकारी नसतो. तिथल्या गुळव्याला आणि चुलवाणावर जाळ घालणाऱ्याला आपल्या हातात काय आहे हे कळण्याचा हक्क प्रोसेस हाऊसच्या कामगाराइतकाच आहे. विक्रेत्यानं सुट्या पिशवीवरही नाव, ज्वालेचं चित्र आणि ‘पाण्यापासून, आम्लापासून दूर, कोरडं ठेवा’ एवढे शब्द मराठीत छापून चिकटवावेत. मालकानं त्याशिवाय माल घेऊ नये. एका चिकटपट्टीचा हा खर्च कोणालाही परवडेल, आणि ती लावायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.