पिल्लाच्या दातांना वळण वेळीच लावा



एकलहरे शिवारात ऊस पाहणीला गेलो की वीज केंद्राच्या चिमण्या लांबून दिसतात आणि वस्ती जवळ आली की कुत्रे ऐकू येते. आम्ही मोटारसायकल बांधावरच लावतो आणि मालकाला हाक मारतो. शेतकी खात्यात इतकी वर्षे काढल्यावर एवढी अक्कल येतेच.

गेल्या हंगामात याच भागात एका सभासदाचा फड तुटत होता. टोळीतल्या मजुराचे सहा वर्षांचे पोर पाणी मागायला वस्तीवर गेले आणि मोकळ्या कुत्र्याने त्याची पोटरी धरली. सभासद भला माणूस. त्याने जखम धुऊन पोराला लगेच सरकारी दवाखान्यात नेले, पहिले इंजेक्शन दिले. पण दुपारपर्यंत कोयता थांबला. पुढे टोळी दुसऱ्या गावी गेली, आणि राहिलेल्या तारखांसाठी आम्हाला चिटबॉयकडून मुकादमाला तीनदा निरोप धाडावे लागले. कुत्रे दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवले, ते धडधाकट राहिले म्हणून सर्वांचा जीव भांड्यात पडला.

सभासद आम्हाला म्हणाला, "साहेब, लहान होतं तवा असंच लाडानं चावायचं. आम्ही हसायचो, पोरं छू म्हणायची."

सगळी गोम इथेच आहे. पिल्लू चावते ते वाईट म्हणून नव्हे. दुधाचे दात पडून पक्के दात येतात ते साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. शिवाय पिल्लांचा खेळच तोंडाने चालतो. भावंडाला जोरात चावले की ते केकाटते, खेळ मोडतो, आई गुरकावते. किती जोर चालतो हे पिल्लू असे शिकते. आपण मात्र डोळे उघडले की पिल्लू उचलून आणतो. दोन महिने तरी ते आईजवळ राहू द्यावे.

घरी आणल्यावर आईचे काम आपल्याकडे येते. दात लागला की हात झटकू नये, झटकला तर त्याला खेळ वाटतो. हात ढिला सोडावा, "आई गं" म्हणावे आणि उठून पाठ फिरवावी. अर्ध्या मिनिटाने परत यावे. पुन्हा चावले, पुन्हा उठावे. चावले की गंमत संपते, एवढे त्याला कळले पाहिजे. पण आजोबांनी उठायचे आणि नातवाने छू म्हणायचे, असे चालणार नाही. घरात एकच नियम हवा. चावायला जुन्या धोतराची घट्ट वेणी ओली करून द्यावी. तोंडातली चप्पल ओढू नये, भाकरीचा तुकडा दाखवून सोडवावी.

मारू नये. मार खाल्लेले कुत्रे गुरगुरायचे सोडते, चावायचे सोडत नाही. गुरगुरणे ही त्याची नोटीस आहे. ती बंद केली तर पुढे बिननोटिशीचा दात बसतो. कान कापला की कुत्रे तिखट होते म्हणतात, तो निव्वळ छळ आहे.

तीन-साडेतीन महिन्यांच्या आत पिल्लाला माणसे दाखवावीत. दूधवाला, टोपीवाला, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, बैलगाडी, ट्रॅक्टर. लसी पुऱ्या नसतील तर कडेवर घेऊन दाखवावे. घरच्यांखेरीज कोणी न पाहिलेले कुत्रे पुढे प्रत्येक परक्याला चोर समजते. दिवसभर साखळीला असलेले तर अधिकच. रात्री मात्र पिल्लू आत घ्यावे. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या अभ्यासात त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला होता, आणि आपल्याकडचा ऊसही बिबट्याला परका नाही.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्यावी, पुढे दरवर्षी. कितीही गुणी कुत्रे असले तरी यात सूट नाही. कोणाला चावलेच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट काही भरू नये. लगेच दवाखाना गाठावा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांना भिऊन अजून काही वडीलधारे टाळाटाळ करतात. ती जुनी लस बंद होऊन बरीच वर्षे झाली. आता दंडात देतात आणि सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र डॉक्टरच्या हातात जवळजवळ काही उरत नाही.

मोठ्या चावऱ्या कुत्र्याचे वळण पिल्लाइतके सोपे नाही. तोडणी चालू असेतो ते बांधून ठेवावे, आणि टोळीचे पाणी वस्तीवर नको, फडाच्या कडेला पिंप भरून ठेवावे. त्या सभासदाने यंदा तसे पिंप ठेवले आहे. नवे पिल्लूही आणले आहे. आमचा चिटबॉय गेला की "यू यू" करून त्याला भाकरी भरवतो; परवा त्याच्या पायजम्याची नाडी धरली, तेव्हा हा गडी पाठ फिरवून उभा राहिला आणि नाडी सुटेपर्यंत हलला नाही.