अवघड संज्ञा आणि फसवी संज्ञा

मराठीत परिभाषेची चर्चा निघाली की ती बहुधा ‘शब्द कोणाचा?’ या प्रश्नाभोवती फिरते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहातून ‘तारीख’ या शब्दाशेजारी ‘दिनांक’ येऊन बसला. स्वकीय की परकीय, सोपा की बोजड, ही चर्चा आपण पुष्कळ केली. तिच्याआधी विचारायचा एक प्रश्न मात्र मागे राहतो. संज्ञा जे सांगते ते खरे असते का? संगणकक्षेत्रातील एका नामांतराच्या आधारे हा प्रश्न येथे मांडायचा आहे.

माझा संबंध या विषयाशी अनपेक्षितपणे आला. आमच्या जोयडा तालुक्यातील मराठी शाळांत शिकलेली मुले आता बंगळूर-पुण्याच्या संगणक कंपन्यांत नोकरी करतात. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने नवख्या सहकाऱ्यांसाठी मराठीत टिपण लिहायला घेतले आणि ‘एक्झिक्युशन डेट’ला चांगला शब्द सुचवा, असे मला विचारले. ‘अंमलबजावणी दिनांक’ असे उत्तर लगेच देता आले असते. पण ती तारीख कशाची, हे समजून घेतल्यावर ते उत्तर देता येईना.

मोठ्या संस्थांत दररोज ठरावीक कामे करावी लागतात. दिवसभराच्या व्यवहारांची बेरीज करायची, अहवाल तयार करायचा, तो पुढे पाठवायचा. ही कामे ठरल्या वेळी आणि ठरल्या क्रमाने चालवणाऱ्या प्रणाली असतात. अपाचे एअरफ्लो ही त्यांपैकी एक प्रसिद्ध प्रणाली. तिची सुरुवात २०१४ मध्ये एअरबीएनबी कंपनीत झाली. पुढे ती सर्वांना खुली झाली आणि जगभर वापरली जाऊ लागली.

समजा, रोजच्या विक्रीचा हिशेब करायचा आहे. १४ ऑगस्टचा हिशेब १४ तारीख पूर्ण सरल्याशिवाय करता येत नाही. म्हणून प्रणाली ते काम मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे १५ ऑगस्टला सुरू करी. पण त्या कामाची ‘एक्झिक्युशन डेट’ म्हणून ती १४ ऑगस्ट दाखवी. महिन्याच्या हिशेबात हे अंतर आणखी वाढे. जुलैचा हिशेब १ ऑगस्टला चाले आणि त्यावर तारीख असे १ जुलै. शब्दाचा अर्थ ‘काम चालवल्याची तारीख’, आणि दाखवलेली तारीख मात्र ज्या कालावधीचा हिशेब आहे त्याच्या आरंभाची! नवख्या माणसाला वाटे, काल ठरवलेले काम आज एक दिवस उशिरा चालले. प्रत्यक्षात काहीच चुकलेले नसे. चुकलेले होते ते नाव.

कालावधीला त्याच्या आरंभाचे नाव द्यावे की अखेरचे, हा पेच जुनाच आहे. हवामान खात्याची पर्जन्यनोंद सकाळी साडेआठला होते. १५ जूनचा पाऊस म्हणून जो आकडा आपण वाचतो, तो १४ जूनच्या सकाळी साडेआठपासून १५ जूनच्या सकाळी साडेआठपर्यंत पडलेला पाऊस असतो. येथे कालावधीला अखेरची तारीख मिळते. एअरफ्लोमध्ये आरंभाची मिळत होती. दोन्ही पद्धतींत गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की कोणती पद्धत वापरली आहे हे नावावरून कळते का?

जुन्या पोथ्या आणि शिलालेख वाचणाऱ्यांना हा पेच चांगला ठाऊक आहे. शकाचा आकडा ‘गत’ वर्षाचा की ‘वर्तमान’ वर्षाचा, हे ठरवल्याशिवाय काळ निश्चित होत नाही. एका वर्षाचा फरक पडतो. बोलीने मात्र हा भेद केव्हाच सोडवून ठेवला आहे. मुलाचे वय सांगताना आजी ‘पाचवे सरले, सहावे लागले’ म्हणते. ‘सरले’ आणि ‘लागले’ या दोन क्रियापदांत कालावधीची दोन्ही टोके स्पष्ट होतात.

याच जातीचा गोंधळ प्राप्तिकराच्या भाषेत होता. १९६१ च्या कायद्यानुसार ज्या वर्षी उत्पन्न मिळते ते ‘मागील वर्ष’ आणि ज्या वर्षी कर ठरतो ते ‘कर निर्धारण वर्ष’. म्हणजे आपण ज्या वर्षात जगत असतो, त्यालाच कायदा ‘मागील’ म्हणे! २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने ही जोडी बाजूला ठेवून ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आणली. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारी अशी ही व्यवस्था आहे.

एअरफ्लोने ऑक्टोबर २०२१ मधील २.२ या आवृत्तीत ‘एक्झिक्युशन डेट’ऐवजी ‘लॉजिकल डेट’ ही संज्ञा स्वीकारली. नुसत्या या बदलाने काम भागत नाही. ‘लॉजिकल डेट’ खोटे सांगत नाही, पण फारसे काही सांगतही नाही. खरी उकल त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या दोन नावांनी झाली: ज्या कालावधीची माहिती हाताळायची त्याचा आरंभ आणि त्याची अखेर. एका नावात कोंबलेल्या गोष्टी वेगळ्या झाल्या आणि प्रत्येकीला आपले नाव मिळाले.

मग गोंधळात टाकणारी प्रत्येक संज्ञा बदलावी का? मला तसे वाटत नाही. याच प्रणालीत ‘डॅग’ हा शब्द आहे. कामांचा परस्परावलंबी क्रम दाखवणारा, कोठेही वळून स्वतःपाशी न येणारा आराखडा म्हणजे डॅग. शब्द अवघड आहे, पण फसवा नाही. तो प्रथम ऐकणारा माणूस थांबतो, विचारतो आणि शिकतो. ‘एक्झिक्युशन डेट’ ऐकणारा थांबतच नाही, कारण अर्थ आपल्याला कळला असे त्याला वाटते. अवघड संज्ञेला स्पष्टीकरण पुरते. फसव्या संज्ञेला स्पष्टीकरण जोडले तरी ते वाचायची गरजच वाचणाऱ्याला भासत नाही. म्हणून अवघड संज्ञा समजावून द्याव्यात आणि फसव्या संज्ञा बदलाव्यात.

बदलाची किंमतही ध्यानात घ्यावी लागते. जुन्या नावावर असंख्य आज्ञावल्या उभ्या होत्या. ते एकदम काढले असते तर त्या बंद पडल्या असत्या. म्हणून जुने नाव सूचनेसह चालू राहिले आणि एप्रिल २०२५ मधील ३.० या आवृत्तीत ते काढले गेले. मध्ये साडेतीन वर्षे गेली. आमच्या तालुक्याचा अनुभव याहून दीर्घ आहे. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे मुख्य ठाणे जोयड्याला आले. तरी २०११ च्या जनगणनेत तालुक्याची नोंद ‘सुपा’ अशीच आहे. जुना दस्तऐवज वाचणाऱ्याला सुपा म्हणजेच जोयडा हे कळावे, यासाठी दोन्ही नावे जोडलेली ठेवावी लागतात. नामांतरात जुने नाव पुसण्याची घाई करू नये, असा याचा बोध.

विद्यार्थ्याला मी शेवटी तीन शब्द सुचवले: ‘कालावधी-आरंभ’, ‘कालावधी-अखेर’ आणि ‘चालवल्याची तारीख’. ‘मार्चअखेर’ म्हणणाऱ्या कोणालाही ‘अखेर’ शिकवावे लागत नाही. ‘लॉजिकल डेट’साठी ‘हिशेबाची तारीख’ चालेल; मात्र ती कोणत्या टोकाची, हे टिपणात पहिल्यांदाच लिहावे, असे सांगितले.

परिभाषा घडवणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी यातून एक सवय लावून घेण्यासारखी आहे. मूळ शब्दाला प्रतिशब्द शोधण्याआधी त्यामागची वस्तू पाहावी. ‘अंमलबजावणी दिनांक’ हा शब्द व्याकरणाने निर्दोष आहे, दिसायला मराठी आहे, आणि मूळ संज्ञेतली चूक तो जशीच्या तशी आपल्याकडे आणतो. वर्गात नवी संज्ञा आली की विद्यार्थ्यांना अर्थ विचारण्यासोबत एवढेही विचारावे: हा शब्द ऐकून तुम्हाला काय वाटले, आणि प्रत्यक्षात ते काय निघाले? दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर कोशकाराचे काम तेथून सुरू होते.