प्रौढ वयातील फेकीचे खेळ

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत गोळाफेक, थाळीफेक आणि भालाफेक यांवरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल, आणि तो पन्नाशी-साठी उलटलेल्यांसाठी लिहिला आहे हे कळल्यावर काहीजण हसतीलही. शाळेच्या मैदानाबरोबर सुटलेली गोष्ट नातवंडे मांडीवर खेळविण्याच्या वयात पुन्हा कशाला हाती धरावयाची, हा प्रश्न साहजिक आहे. परंतु हा विषय मुळात वजनाचा व मापाचा आहे. आणि वजन-माप ज्यांच्या रोजच्या हाताखालचे, त्या आमच्या दुकानदार बंधूंस तो इतरांपेक्षा लवकर उमगेल असा आम्हांस भरवसा वाटतो.

प्रौढांच्या मैदानी स्पर्धांस जागतिक रूप आले ते १९७५ साली, कॅनडातील टोरांटो शहरी भरलेल्या पहिल्या स्पर्धेपासून. पुढे १९७७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे त्यांची जागतिक संघटना स्थापन झाली. ती आज ‘वर्ल्ड मास्टर्स ॲथलेटिक्स’ या नावाने ओळखली जाते. वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेल्या स्त्री-पुरुषांस तिच्या स्पर्धांत भाग घेता येतो. ३५ ते ३९, ४० ते ४४ असे पाचपाच वर्षांचे गट पाडलेले असतात आणि ते शंभरीच्याही पलीकडे जातात. ऑलिंपिकप्रमाणे येथे पात्रतेचे किमान अंतर गाठावे लागत नाही. आपल्या देशाच्या संघटनेमार्फत नाव नोंदविले म्हणजे झाले. आपल्याकडेही जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर अशा स्पर्धा भरतात.

आता वजनांकडे वळू. तरुण पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो. हा आकडा असा विचित्र का, हे शेर-मणांचा काळ ऐकून माहीत असणाऱ्यांनी सहज ओळखावे. हे मूळचे सोळा पौंड होत. माप बदलले, पण लोखंड तेच राहिले. हा गोळा ४९ व्या वर्षापर्यंत चालतो. पन्नाशीला तो ६ किलोंचा होतो, साठीला ५, सत्तरीला ४ आणि ऐंशीपासून पुढे ३ किलोंचा. हातोड्याची वजनेही याच क्रमाने उतरतात. थाळी पन्नाशीपर्यंत २ किलोंची असते, पुढे दहा वर्षे दीड किलोची आणि साठीनंतर एक किलोची. त्याखाली मात्र ती जात नाही. भाला ८०० ग्रॅमपासून दर टप्प्यास शंभर ग्रॅमने उतरत ऐंशीनंतर ४०० ग्रॅमवर येतो. स्त्रियांचा गोळा ४ किलोंचा, पन्नाशीनंतर ३ आणि पंच्याहत्तरीनंतर २ किलोंचा. याखेरीज प्रौढांच्या स्पर्धांत भारफेक म्हणून आणखी एक प्रकार आहे. त्यात हातोड्याच्या लांब तारेऐवजी आखूड कडीला जोडलेला जड गोळा दोन्ही हातांनी गरगर फिरवून सोडावयाचा असतो. त्याची वजने पाहिली तर पौंडांचा वारसा अधिकच स्पष्ट दिसतो: १५.८८ किलो म्हणजे ३५ पौंड, ११.३४ म्हणजे २५ पौंड.

तराजूची दोन पारडी मुळात सारखी नसली, तर हलक्या बाजूस पासंग बांधून ती समतोल करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पासंग म्हणजे लबाडी नव्हे. उलट तोल खरा दाखविण्यासाठीच तो बांधावयाचा. वयानुसार उतरणारे वजन हा तसाच पासंग होय. यामुळे एक गंमतीची गोष्ट घडते. इतरत्र वाढदिवस वयाची आठवण देऊन खिन्न करतो. या खेळातील माणूस मात्र साठीची वाट पाहत असतो. साठावे लागले की गोळा एक किलोने हलका होतो, आणि आपल्या गटातील सर्वांत तरुण मनुष्य तोच ठरतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाहावा.

पण वजन कमी करावे लागते ते का? वय वाढले की ताकद घटते, एवढे उत्तर अपुरे आहे. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. काही सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे, तर काही क्षणात जोर लावून लवकर थकणारे. चालणे, उभे राहणे ही पहिल्यांची कामे. उडी मारणे, झटका देणे, पाय घसरताच तोल सावरणे ही दुसऱ्यांची. उतारवयात झिजतात ते मुख्यतः हे दुसरे, चपळ तंतू. म्हणून साठीचा मनुष्य पाच मैल आनंदाने चालतो, पण न्हाणीघरात पाय निसटला तर वेळेवर सावरू शकत नाही. ताकद हळूहळू उतरते. वेगाने ताकद लावण्याची शक्ती तिच्याहून पुष्कळ लवकर उतरते. रविवार पेठेत दिवसभर गादीवर बसणारा दुकानदार हमाल आला नाही म्हणून एखादे दिवशी गुळाची ढेप झटक्याने उचलावयास जातो आणि महिनाभर अंथरुणास खिळतो, त्याचे कारणही बव्हंशी हेच. दररोज फिरावयास जाणारी मंडळी आपण व्यायाम करतो म्हणून निश्चिंत असतात. फिरणे उत्तमच, परंतु त्याने हे चपळ तंतू जागे होत नाहीत. ते ज्या कामाने जागे होतात त्यांपैकी एक म्हणजे फेक. गोळा हातातून सुटेपर्यंतची सारी क्रिया एक-दोन सेकंदांची असते. दम लागण्याचा प्रश्न नाही, पण त्या क्षणात पाय, कंबर, पाठ आणि खांदा यांनी एकामागोमाग एक आपला वाटा द्यावयाचा असतो.

अंतर ठरविणारी मुख्य गोष्ट म्हणजे गोळा हातातून सुटताना असलेला वेग. तो दहा टक्क्यांनी वाढला तर अंतर पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढते. पासष्टाव्या वर्षी सोळा पौंडी गोळा हाती दिला तर मनुष्य तो कसाबसा ढकलील. त्यात वेग नसेल, म्हणून कौशल्यही नसेल, आणि इजा होण्याचा संभव मात्र फार. ५ किलोंचा गोळा त्यालाच झपाट्याने सोडता येतो. तेव्हा वजन उतरविले ते म्हाताऱ्यांची कीव येऊन नव्हे. खेळातला वेग कायम राहावा म्हणून.

उतारवयात किती करता येते याची उदाहरणे पुष्कळ आहेत, पण त्यांचे मोल सारखे नाही. अमेरिकेचा थाळीफेकपटू अल ऑर्टर याने १९५६, १९६०, १९६४ आणि १९६८ अशा लागोपाठ चार ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविले आणि तो निवृत्त झाला. काही वर्षांनी तो परतला, आणि १९८० साली, ४३ व्या वर्षी, दोन किलोंचीच थाळी त्याने ६९.४६ मीटर फेकली. चारही ऑलिंपिकांतील त्याच्या कोणत्याही फेकीपेक्षा ही लांब होती. त्या वर्षी अमेरिकेच्या निवड चाचणीत तो चौथा आला. हा असामान्य पुरुष होता. त्याच्याकडे पाहून आपण मान डोलवावी, अनुकरण मात्र जपून करावे.

चंदीगडच्या मान कौर यांचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. १९१६ साली जन्मलेल्या या बाईंनी मुलाच्या आग्रहावरून ९३ व्या वर्षी मैदानात पाऊल टाकले. २०१९ साली पोलंडमधील टोरून येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी धावण्याबरोबरच गोळाफेक व भालाफेक यांतही सुवर्णपदके मिळविली. २०२१ साली, १०५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये फिनलंडमधील टँपेरे येथे ९४ वर्षांच्या भगवानी देवी डागर यांनी शंभर मीटर धावण्यात सुवर्ण आणि गोळाफेक व थाळीफेक यांत कांस्यपदके घेतली. ऑस्ट्रेलियाच्या रूथ फ्रिथ या शंभर वर्षांच्या बाईंनी २००९ साली सिडनी येथे ४.०७ मीटर गोळा टाकला.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. इतक्या वयाच्या गटात स्पर्धक किती? पुष्कळदा एकच. मग सुवर्णपदकाची मातब्बरी ती काय? आम्हांस वाटते, अतिवृद्धांच्या गटातील पदकास वर्तमानपत्रे देतात तेवढे महत्त्व देऊ नये. पदक प्रतिस्पर्ध्यांच्या संख्येवर अवलंबून असते. मोजणीची फीत मात्र कोणाची भीडभाड ठेवीत नाही. ४.०७ मीटर हे ४.०७ मीटरच, मग शेजारी कोणी असो वा नसो. आणि मोजणारे तर इतके काटेकोर की पुरा सेंटिमीटर न भरलेला भाग सोडून देतात. गिऱ्हाइकास झुकते माप देण्याची आपली रीत तेथे चालत नाही! निरनिराळ्या वयांच्या फेकींची तुलना करण्यासाठी वयानुसार गुणकांची कोष्टकेही केलेली आहेत. हातोडा, गोळा, थाळी, भाला व भारफेक या पाच प्रकारांची जी एकत्रित स्पर्धा प्रौढांसाठी असते, तीत गुण याच आधारे देतात. ही कोष्टके उपयोगी आहेत, तरी आमच्या मते स्वतःच्याच गतवर्षीच्या अंतराशी केलेली तुलना अधिक बोलकी.

प्रत्यक्ष खेळाविषयी थोडेसे. गोळ्याचे वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे, थाळीचे २.५० मीटरचे. प्रत्येकास तीन फेकी मिळतात, आणि पहिल्या आठांस आणखी तीन. गोळा मानेशी टेकवून एका हाताने ढकलावयाचा. तो खांद्याच्या मागे नेऊन चेंडूसारखा भिरकावला तर फेक बाद. गोळा जमिनीवर पडेपर्यंत वर्तुळाबाहेर पडता येत नाही, आणि बाहेर पडावयाचे तेही मागील अर्ध्या भागातूनच. प्रौढांच्या पुष्कळ फेकी बाद होतात त्या येथे, तोल सावरता न आल्याने. म्हणून नवशिक्याने वर्तुळात सरपटण्याच्या किंवा गिरकीच्या नादी न लागता पहिले काही महिने जागच्या जागी उभे राहून फेकण्याचाच सराव करावा. शाळेत पंचेचाळीस अंशांचा कोन शिकविला असेल, तो येथे विसरावा. गोळा खांद्याच्या उंचीवरून सुटतो आणि तिरपा वर ढकलण्यापेक्षा पुढे ढकलताना हाताला जोर अधिक येतो, म्हणून लाभदायक कोन त्याहून बराच कमी असतो.

कोणता प्रकार निवडावा? आमची सूचना अशी की आरंभ गोळ्याने करावा, मग थाळी घ्यावी. भाला दिसतो हलका, पण खांदा व कोपर यांस तोच सर्वांत अधिक त्रास देतो. पन्नाशीनंतर प्रथमच तो हाती घेणाऱ्याने फार सावकाश जावे. हातोडा व भारफेक शिक्षकाविना आणि जाळीच्या पिंजऱ्याविना करूच नये. आठवड्यास दोन-तीन दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवून केलेला सराव पुरतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, परंतु स्नायूंस हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. उत्साही माणसाची दुखापत बहुधा या दोहोंच्या मधल्या काळात होते.

रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून आरंभ करू नये. जड वस्तू उचलताना श्वास कोंडून धरला तर रक्तदाब एकदम वर जातो. जोर लावताना श्वास सोडण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. आणखी एक गोष्ट आमच्या बंधूंपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहासाठीचे इन्शुलिन ही दोन्ही खेळांतील निषिद्ध द्रव्यांच्या यादीत आहेत. ही औषधे बंद करावयाची नसतात. पण उत्तेजकांची चाचणी होणाऱ्या स्पर्धांत उतरणाऱ्याने डॉक्टरांच्या कागदपत्रांसह रीतसर वैद्यकीय सवलत मिळवावयास हवी. आपण प्रामाणिकपणे घेतलेली गोळी आपल्याच नावास बट्टा लावण्यास कारण झाली, असे कोणावर येऊ नये.

खर्चाची बाब किरकोळ आहे. एक गोळा, चांगले बूट आणि मऊ मातीची मोकळी जागा, एवढ्यावर काम भागते. आसपास मुले खेळत नाहीत ना, हे मात्र प्रत्येक फेकीपूर्वी पाहावे. नाव नोंदविताना वयाचा दाखला लागतो. गोळा विकत घेताना आपल्या गटाचा घ्यावा आणि घरी आणल्यावर आपल्याच दुकानातील काट्यावर तोलून पाहावा, कारण स्पर्धेपूर्वी पंच प्रत्येक गोळा तोलतात, आणि पाच किलोंना चार-दोन ग्रॅम जरी कमी भरला तरी तो मैदानात येऊ देत नाहीत.