ज्ञानाची कसोटी आणि माणसाचे कर्तृत्व

आमच्या वणी भागात कोळशाच्या भूमिगत खाणीत माणूस दगावला, की भेटायला आलेली मंडळी म्हणतात, "त्याची वेळ भरली होती." सांत्वन म्हणून हे ठीक, पण हे ज्ञान आहे काय? संघटनेचे काम करताना याच प्रश्नाने आम्हांला तत्त्वज्ञानाकडे नेले. जाणणे कशास म्हणावे, याचा विचार म्हणजे ज्ञानमीमांसा. तिच्यातील एक साधी कसोटी अशी: आपले म्हणणे केव्हा खोटे ठरेल हे जो आधी सांगतो, त्याच्याच म्हणण्याची परीक्षा घेता येते.

विश्वविज्ञानातील उदाहरण घ्या. हॉईल, बाँडी व गोल्ड यांनी १९४८ साली मांडले, की विश्वाला आरंभ नाही. आपल्या कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर याच पक्षाचे. १९६५ साली पेंझियास व विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे मंद प्रारण सापडले, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकरांनी ते मोजमाप नाकारले नाही. त्याचा निराळा अर्थ लावून १९९३ साली हॉईल व बर्बिज यांच्यासह सिद्धांत सुधारला. मोजमाप एक, अर्थ दोन! सिद्धांताची डागडुजी कोठवर करू द्यावी, हे दुर्बीण सांगत नाही.

नारळीकरांनी कसोटी फलज्योतिषालाही लावली. २००८ साली नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या प्रत्येकी १०० कुंडल्या जमविल्या. ज्योतिषांना ४०-४० कुंडल्या देऊन ओळखावयास सांगितले. नाणे उडवले तरी सरासरी २० बरोबर येतात. २७ जणांनी उत्तरे दिली. सरासरी यश ४६ टक्के, सर्वांत वरचा आकडा २४.

मग माणूस स्वतंत्र आहे काय? लाप्लास म्हणे, सर्व कणांची आजची स्थिती जाणणाऱ्या बुद्धीला उद्याचे सारे दिसेल. १९२७ साली हायझेनबर्गने दाखविले, की कणाचे स्थान व संवेग एकाच वेळी हवे तितके अचूक ठरविता येत नाहीत. पण इलेक्ट्रॉनची अनिश्चितता म्हणजे माणसाची निवड नव्हे. तो वाद अजून मिटलेला नाही.

मात्र "वेळ भरली होती" हे वाक्य, काहीही घडले तरी, कधी खोटे ठरूच शकत नाही. म्हणून ते काही शिकवीतही नाही. छताला टेकू पुरेसे होते काय, हे तपासता येते. आणि उत्तर मिळाले, तर उद्याच्या पाळीचा माणूस जिवंत घरी येतो.