एडिटरचे एक्स्टेन्शन आणि उघडी राहिलेली कडी



आमच्या विद्यालयाच्या संगणक कक्षात मुले व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरवर प्रोग्राम लिहितात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला हा एडिटर मोफत मिळतो. त्यात हवी ती सोय जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामांना एक्स्टेन्शन म्हणतात. ती एका क्लिकने बसतात, म्हणून परवानगीशिवाय ती बसवू नयेत, असा नियम आम्ही या सत्रात केला. तेव्हा अकरावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, जे लाखो लोक वापरतात, त्यात धोका कसला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहोत.

एक्स्टेन्शन एडिटरच्या आत दिसते, पण त्याचे अधिकार तेवढ्यापुरते नसतात. ज्या खात्यातून आपण एडिटर उघडतो, त्या खात्याला जे जे करता येते, ते बहुतेक सर्व त्यालाही करता येते. फाइल वाचणे, पुसणे, दुसरा प्रोग्राम चालवणे, सगळेच. म्हणजे घरात काम करणाऱ्या कारागिराला आपण सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या देतो. कारागीर चोर निघाला तर नुकसान होणारच. पण तो प्रामाणिक असून मागच्या दाराची कडी लावायला विसरला, तरी चोर आत येतोच. या दुसऱ्या प्रकाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

ही कडी उघडी कशी राहते? आपण लिहिलेले वेबपान लगेच दिसावे म्हणून काही एक्स्टेन्शन आपल्याच संगणकावर एक लहानसा सर्व्हर सुरू करतात. तो फक्त आपल्यासाठी आहे, असे आपण समजतो. परंतु त्याच संगणकावरील ब्राउझरमध्ये आपण बाहेरची संकेतस्थळेही उघडतो. त्यातील एखादे पान खोडसाळ असेल, तर ते आपल्या ब्राउझरकडूनच त्या सर्व्हरला निरोप पाठवू शकते. विचारणारा कोण, हे सर्व्हरने तपासले नाही, तर तो मागितलेली फाइल देतो किंवा सांगितलेला आदेश चालवतो. दूरच्या माणसाने आपल्या संगणकावर आपल्या मर्जीचा प्रोग्राम असा चालवणे, यालाच रिमोट कोड एक्झिक्युशन म्हणतात.

ही नुसती कल्पना नव्हे. २०२१ मध्ये स्निक या सुरक्षा कंपनीने चार एक्स्टेन्शनांमधील उणिवा प्रसिद्ध केल्या. ती चारही मिळून सुमारे वीस लाख वेळा बसवली गेली होती. लेटेक वर्कशॉप हे गणिती मजकूर लिहिणाऱ्यांचे आवडते साधन. त्यात एका फसव्या दुव्यावर क्लिक केल्याने बाहेरचा आदेश चालू शकत होता. इन्स्टंट मार्कडाउन आणि ओपन इन डिफॉल्ट ब्राउझर यांच्या सर्व्हरमधून भलत्याच फोल्डरमधील फाइल वाचता येत होत्या. रेनबो फार्ट तर टाइप करताना आवाज ऐकवणारी निव्वळ गंमत. पण त्यात मुद्दाम बिघडवलेली झिप फाइल घुसवून इतर फाइलींवर नवा मजकूर लिहिता येत होता. यांतले एकही चोरीसाठी बनवलेले नव्हते. तेव्हा लाखोंनी वापरले, याचा अर्थ कोणी तपासले, असा होत नाही.

त्याच वर्षी एडिटरमध्ये 'वर्कस्पेस ट्रस्ट' ही सोय आली. अनोळखी फोल्डर उघडताना तो विश्वासाचा आहे का, असे एडिटर विचारतो. न वाचता 'हो' म्हणू नये. मात्र बसवलेले एक्स्टेन्शनच वाईट असेल, तर ही सोय वाचवू शकत नाही.

विद्यार्थ्यांनी लागतील तेवढीच एक्स्टेन्शन ठेवावीत, ती अद्ययावत करावीत, नको असलेली काढून टाकावीत आणि काम संपताच सर्व्हर बंद करावा. पालकांना विनंती, ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर मुलांसाठी वेगळे साधे खाते उघडून द्यावे. विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी आहे, की कार्यालयाचे संगणक मुलांच्या संगणकांपासून वेगळ्या नेटवर्कवर असावेत. तिथे प्रत्येक मुलाची माहिती आणि पालकांचे फोन क्रमांक आहेत, आणि ते आपण विश्वासाने आमच्याकडे दिलेले आहेत.

मुलांनी प्रोग्रामिंग शिकावे, भरपूर शिकावे. फक्त किल्ली कोणाला देतो, हे पाहून द्यावी.

— प्राचार्य